बाबांचा पुकारा

आमच्या घरात सकाळ व्हायची ती बाबांच्या गुळण्यांनी. एखादे दिवशी कोंबडा आरवायचा राहील, पण गुळण्या काही चुकायच्या नाहीत. मीठ-हळदीचं गरम पाणी घशात घोळवत बाबा मागच्या पडवीत उभे असायचे आणि तो खुळखुळाट इतका वेळ चालायचा की दादा गोधडीतूनच ओरडायचा, "बाबा, बास करा आता, घसा वाहून जायल!" आये चुलीपाशी भाकरी थापत असायची. तिच्या थापण्याचा आवाज, चुलीवर रटरटणारी कुळथाची पिठी आणि बाबांच्या गुळण्या, एवढं सगळं एकदम कानावर आलं की मी उठायची. गुळण्या झाल्या की बाबा ज्येष्ठमधाचा तुकडा गालात धरायचे आणि मग कामावर निघेपर्यंत घरच्यांशी जेमतेम बोलायचे. आवाज जपून ठेवायचा असे. आये म्हणायची, "ह्यांचा आवाज सरकारचा. घरात आपल्याला नुसती मान हलवून दाखवायची."

बाबा रत्नागिरीच्या कोर्टात पट्टेवाले होते. पट्टेवाल्याला कामं ढीगभर, फायली हलवा, साहेबांना पाणी द्या, वकिलांच्या खुर्च्या पुसा. पण बाबांच्या लेखी काम एकच, पुकारा. केस निघाली की कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकाराचं, साक्षीदाराचं नाहीतर आरोपीचं नाव मोठ्यानं पुकारायचं, म्हणजे बाहेर व्हरांड्यात, वडाखाली, चहाच्या टपरीवर असेल तो माणूस धावत आत येतो. आला नाही तर पुन्हा पुकारायचं. तरी नाही आला तर मग पुढे वॉरंट, दंड, नाना भानगडी. म्हणून पुकारा नीट ऐकू गेला पाहिजे, असं बाबांचं म्हणणं. "माझ्या आवाजापायी कुणाला वॉरंट निघता कामा नये," असं ते म्हणायचे. पांढरा डगला, छातीवर आडवा लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. तो बिल्ला आये दर रविवारी आमसुलाच्या पाण्यानं घासायची. काजूच्या कारखान्यात बिया फोडून फोडून आयेची बोटं काळीठिक्कर पडलेली असायची, आणि त्या काळ्या बोटांत तो पिवळाधमक बिल्ला असा काही चमकायचा की मला अजून दिसतो.

आता बाबांच्या पुकाऱ्यात एक खोड होती, आणि ह्या प्रकरणाचं सगळं मूळ त्या खोडीत आहे. बाबा नोकरीला लागले तेव्हाच्या हेड पट्टेवाल्यानं त्यांना रीत शिकवली होती. बागायतदार, शेठ, सावकार असेल तर "श्रीयुत अमुक अमुक". साधा माणूस असेल तर नुसतं नाव. आणि आरोपी असेल, त्यातून गरीब असेल, तर "ए पांड्या, हाजिर हो!" बाबांनी पहिल्याच आठवड्यात ही रीत मोडली. सगळ्यांचा पुकारा एकसारखा. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. पुढे श्रीयुत नाही, मागे अरे-तुरे नाही. आंब्याचा बागायतदार असो की कोंबडी चोरल्याचा आळ आलेला माणूस असो, आवाज तोच आणि नाव पुरं. वकील हसले. हेड पट्टेवाला तर भडकलाच, "चोराला बापाच्या नावानं काय बोलवतोस? लगीन लावायचं हाय काय त्याचं?" बाबा म्हणाले, "चोर हाय का नाय ते आत साहेब ठरवणार हायत. मी भायर दारात हाय. माझ्या दारात तो अजून माणूस हाय."

मी पुढे बरीच वर्षं फौजदारी वकिली केली. गुन्हा शाबित होईपर्यंत आरोपी निर्दोष समजायचा, ह्या तत्त्वावर मी कोर्टात किती वेळा घसा फोडला असेन त्याला गणती नाही. जाडजूड पुस्तकं वाचली, निवाडे पाठ केले. पण हे तत्त्व मला कुणी शिकवलं असेल तर गुळण्या करणाऱ्या माझ्या बापानं, आणि तेही भाकरीचा तुकडा पिठीत बुडवता बुडवता. हे सांगताना माझी मान ताठ होते. होते म्हणजे होते, लाजायचं काय त्यात?

त्यांना ही खोड का लागली तेही सांगते. बाबांचं नाव सखाराम. पण ते लहान असताना गावात कुणी त्यांना सखाराम म्हणून हाक मारली नाही. सख्या. त्यांचे वडील तुकाराम, ते तुक्या. म्हातारे झाले तरी तुक्या, मेले तरी तुक्या मेला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर आमच्या घरात जन्मलेलं पहिलं पोर म्हणजे माझा दादा. बाबांनी त्याचं नाव ठेवलं गौतम आणि वाडीत जाहीर करून टाकलं, "ह्याला कुणी गौत्या म्हटलंन तर त्या घरचं पाणी मी पिणार नाय." लोक हसले, पण नाव टिकलं. माझं नाव सुजाता. मला मात्र सगळे सुजे म्हणायचे, बाबासुद्धा. त्यावर मी कधी भांडले की म्हणायचे, "तुझं भांडण तुझं तू लढ गो, तोंड हाय तुला."

दादा तेव्हा मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. बर्फाच्या लाद्या आकड्यानं ओढायच्या, फोडायच्या आणि ट्रॉलरवर चढवायच्या, असं त्याचं काम. घरी यायचा तेव्हा हात थंडगार, आणि ते मुद्दाम माझ्या मानेला लावायचा. येताना कधी चार बांगडे, कधी मूठभर कोळंबी आणायचा. बांगड्याच्या कालवणात आये तिरफळं ठेचून टाकायची आणि त्या वासानं शेजारची तानूकाकी हातात रिकामी वाटी घेऊन हजर. तानूकाकी म्हणजे आमच्या वाडीचा रेडिओ. तिला कळलं की वाडीला कळलं. आयेनं दादासाठी मालगुंडची एक मुलगी बघून ठेवली होती, आणि सुपारी फुटायच्या आधीच तानूकाकीनं लग्नाचा मांडव कुठे घालायचा तेही ठरवून टाकलं होतं.

त्या सुमाराला बंदरावर एक वाईट प्रकार घडला. पहाटेच्या लिलावाला निघालेल्या एका मासळीच्या व्यापाऱ्याला कुणीतरी मागून डोक्यात फटका घातला आणि त्याची पिशवी पळवली. ह्या व्यापाऱ्याला सगळे भाईशेठ म्हणायचे. अंधुक उजेड होता. पडता पडता शेठनं वळून पाहिलं, एक उंच, सडपातळ, मिशीवाला तरुण पळताना दिसला. डोक्याला टाके पडले, माणूस महिनाभर अंथरुणात होता. त्याच्यावर बेतलं ते खरंच होतं, हे मी आधीच सांगते, कारण ह्या गोष्टीत तो खोटारडा नव्हे. पोलिसांनी दोन दिवसांत एका ट्रॉलरवरचा खलाशी पकडला. नझीर त्याचं नाव. राजापूरकडच्या एका गावचा, उंच, सडपातळ, मिशीवाला. पोलीस दिसताच तो पळाला होता, हा त्याच्याविरुद्धचा मोठा पुरावा. पिशवी सापडली नाही, हत्यार सापडलं नाही. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार राहायला रत्नागिरीत त्याचं कोण होतं? मग राहिला जेलात.

आता सगळं ओळख परेडवर आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जेलच्या आवारात आरोपीसारखीच दिसणारी माणसं रांगेत उभी करायची, त्यात आरोपीला उभं करायचं, आणि मग फिर्यादीला आत आणून विचारायचं, ह्यातला कोण? त्यानं पुढे होऊन माणसाला हात लावून दाखवायचं. पोलिसांना आत मज्जाव. काम तहसीलदारसाहेबांनी बघायचं. आणि आरोपीनं रांगेत कुठे उभं राहायचं ते त्याचं तो ठरवणार. सगळं न्यायाचं आहे, पण खोच अशी की रांगेत उभं राहायला माणसंच मिळत नसत. चोरांच्या रांगेत कोण उभा राहील? मग मिळेल तो माणूस उभा करायचे, एखादा टकल्या, एखादा पोटसुट्या, एखादा पिकल्या मिशांचा, आणि मध्ये एक कोवळा खलाशी. आंधळ्यानंसुद्धा ओळखावा.

जेलचा हवालदार कोर्टात आला आणि बाबांजवळ रडगाणं गायला लागला की तसल्या अंगाची पोरं कुठून आणू. संध्याकाळी बाबा घरी आले. जेवताना दादाकडे बघत राहिले. उंच, सडपातळ, मिशीवाला. म्हणाले, "गौतम, उद्या दुपारी जेलात ये. रांगेत उभा राहा."

आयेच्या हातातली पळी कालवणात पडली. "अवो, डोकं हाय का ठिकाणावर? पोराचं लगीन ठरतंय आणि तुमी त्याला चोरांच्या रांगेत उभं करताय?"

"चोरांच्या नाय. माणसांच्या रांगेत. त्यात चोर हाय का नाय, तेच तर बघायचं हाय."

"आणि चुकून ह्यालाच धरला तर?"

"ह्याला कसा धरतील? ह्याच्यावर आळच नाय. ह्याला ओळखलंन तर ओळख चुकली, एवढाच त्याचा अर्थ. त्या पोरासारखे दिसणारे उभे राहिले तरच ती परीक्षा खरी, नायतर नुसता तमाशा."

आये त्या रात्री जेवली नाही. दादा मात्र हसत होता. म्हणाला, "आये, बर्फात उभा राहतो रोज, आता जरा उन्हात राहीन." मी तेव्हा कॉलेजात होते, मला तर गंमतच वाटली होती. माझा भाऊ जेल बघून येणार म्हणून मी मैत्रिणींना सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते दादानंच आम्हाला सांगितलं. रांग लागली. नझीरला विचारलं, कुठे उभा राहतोस? त्यानं रांगेवरून नजर फिरवली आणि तो येऊन दादाच्या शेजारी उभा राहिला. बर्फ चढवताना दादाचा चेहरा बघितलेला असेल, ओळखीचं तेवढंच एक माणूस. दोघांचे खांदे एकमेकांना लागलेले. भाईशेठ डोक्याला पट्टी बांधून आत आला. एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, दादासमोर थांबला, आणि दादाच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हाच तो."

दादा घरी आला तेव्हा पांढराफटक पडला होता. मडक्यातलं पाणी तांब्यानं घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "आये, मी कायपण केलं नाय गो, पण माझे पाय लटलट कापायला लागले." आयेनं त्याला जवळ घेतलं आणि बाबांवर जे काही तोंडसुख घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.  बाबा म्हणाले, "ओळख चुकली. तो पोरगा सुटला आता." आये कडाडली, "तो सुटला, आणि माजा अडकला!"

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी तानूकाकीच्या रेडिओवर बातमी लागली, गौतमला ओळख परेडीत धरला. तिसऱ्या दिवशी ती झाली, गौतमनंच शेठला मारला, बाप कोर्टात आहे म्हणून दाबलं. मालगुंडहून निरोप आला, आमचं जरा थांबू दे. विहिरीवर बायका आयेला वाट करून द्यायला लागल्या, आणि ती काही मानानं दिलेली वाट नव्हती. आये कारखान्यातून यायची ती खाली मान घालून. आमच्या घरात बांगड्याचं कालवण शिजेना की कुणी वाटी घेऊन येईना. मला आजही कुणी म्हणालं की आरोप झालाय म्हणजे काहीतरी असणारच, की माझं डोकं फिरतं. काहीतरी असणारच म्हणजे काय? आमच्या घरी काय होतं?

केस पुढे चालली आणि एक भलतंच वळण घेऊन बसली. भाईशेठ साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मी नझीरलाच हात लावला होता. दोघे चिकटून उभे होते. हात त्याच्याच खांद्यावर होता, लिहिणाऱ्यानं चुकून दुसऱ्याचं लिहिलं." तो खोटं बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. पोलिसांनी सांगितलं की चोर नझीर, मग ह्याच्या मनानं घेतलं की आपण त्यालाच ओळखलं. माणसाचं मन असं करतं, मी पुढे कितीतरी साक्षीदारांत ते बघितलं. तहसीलदारसाहेबांची साक्ष झाली तर तेही डळमळले. बरेच दिवस झाले, दोघे अगदी शेजारी होते, हात नक्की कुणावर होता ते आता खात्रीनं सांगता येणार नाही. म्हणजे झालं! ज्या खांद्यावर हात पडला तो खांदा ज्याचा, तोच काय ते सांगू शकत होता. नझीरच्या वकिलांनी दादाच्या नावानं समन्स काढलं. बचाव पक्षाचा साक्षीदार, गौतम सखाराम जाधव.

समन्स घरी आलं त्याच्या आदल्याच दिवशी बर्फ कारखान्याच्या मालकानं दादाला बोलावून गोडीत सांगितलं होतं. भाईशेठ आपला मोठा गिऱ्हाईक. त्याच्याविरुद्ध उभं राहिलास तर दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नकोस. कोर्टात जाऊन नुसतं म्हण, मला आठवत नाही. कुणाचं काय जातंय?

दादानं ते घरी सांगितलं. आये लगेच म्हणाली, "मग तसंच म्हण. आठवत नाय. तहसीलदारसाहेबाला आठवत नाय, तुलाच कशाला आठवायला हवं? तिथं जाऊन परत म्हणशील, मलाच हात लावलान, की सगळी दुनिया म्हणंल, बघा, कबूल झाला." तिचं काही चुकत नव्हतं हो. वाडीतली कुजबुज कुठे आता जरा विरत होती.

दादानं बाबांकडे बघितलं. मलाही वाटलं, आता बाबा त्याला कायदा सांगतील, सत्य सांगतील, भिंतीवरच्या तसबिरींकडे बोट करतील. बाबांनी तसलं काही केलं नाही. म्हणाले, "मी तुला एकदा जा म्हटलं, आणि तुझ्या आयेनं त्याचं भोगलंन. आता मी सांगणार नाय. तुझा खांदा, तूच ठरव." आणि उठून पडवीत जाऊन बसले. दादा कितीतरी वेळ आपल्याच डाव्या खांद्यावर हात ठेवून बसला होता.

साक्षीच्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारून कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले. कोर्टाचं दार कुणालाही उघडं असतं, ही मला त्या दिवशी फार मोठी गोष्ट वाटली, आणि आजही वाटते. आये आली नव्हती. "मला बघवणार नाय," म्हणून ती कारखान्यात निघून गेली होती. दादा बाहेर व्हरांड्यात होता, साक्षीदारानं आपली पाळी येईपर्यंत बाहेरच थांबायचं असतं. नझीर आरोपीच्या पिंजऱ्यात, इतका वाळला होता की शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. शिरस्तेदार बाबांच्या कानाशी कुजबुजले, "सखाराम, तुझाच पोरगा. आज पुकारा दुसऱ्याला करू दे. बरं दिसत नाही." बाबा साहेबांकडे बघत राहिले. जज्जसाहेबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी विचारलं, काय झालं? शिरस्तेदारांनी सांगितलं. साहेब चष्म्यावरून बाबांकडे बघत म्हणाले, "पट्टेवाल्यानं नाव पुकारायचं असतं. त्यात आपलं-परकं काय आहे? पुकारा."

बाबा दारात गेले. पाठमोरे. मी त्यांची पाठ बघत होते. त्यांनी ज्येष्ठमध तोंडातून काढून खिशात टाकला, छाती भरून घेतली आणि पुकारा केला.

"गौतम सखाराम जाधव, हाजिर होऽऽ!"

तोच आवाज. बागायतदाराला तोच, कोंबडीचोराला तोच, पोटच्या पोराला तोच. फक्त मधल्या नावावर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नावावर, आवाज किंचित चढला, असं मला वाटलं. वाटलं काय, चढलाच. ज्याला जन्मभर सख्या म्हटलं त्यानं त्या दिवशी रत्नागिरीच्या कोर्टात आपलं नाव खणखणीत ऐकवलं. 

दादा आत आला. शपथ घेतली. आणि वकिलांनी विचारल्यावर सरळ सांगितलं, "शेठनी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. नझीर माझ्या उजव्या बाजूला होता."

सगळं कोर्ट हललं. डाव्या खांद्यावर हात, आणि नझीर उजवीकडे! मग सरकारी वकील उठले. मोठे हुशार होते, आवाज गोड. "म्हणजे फिर्यादीनं तुम्हाला ओळखलं?"

"व्हय साहेब."

"फिर्यादी तुमच्या ओळखीचे नव्हते?"

"नाय."

"त्यांनी हात ठेवला तेव्हा तुम्ही थरथरलात, हे खरं आहे का?"

  दादा खोटं बोलला तर बाकीचंही खोटं ठरणार होतं आणि खरं बोलला तर काय होणार ते दिसतच होतं.

"खरं हाय साहेब. पाय लटलट कापले माझे."

"निर्दोष माणसाचे पाय का कापतील?"

"साहेब, एवढा मोठा माणूस हात ठेवून म्हणतो, हाच तो, तेवा पाय कापतातच. त्या वेळेला मी काय केलंय आणि काय नाय केलंय, ते माझं मलापण आठवंना." मग त्यानं पिंजऱ्याकडे बघितलं. "हा पोलिसांना बघून पळाला, असं म्हणतात. मला तिथं पळायला जागा असती तर मीपण पळालो असतो."

सरकारी वकील खाली बसले. जज्जसाहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं आणि दोनदा वाचलं. पिंजऱ्यात नझीर तोंडावर हात घेऊन ढसाढसा रडत होता. बाबा दारात उभे होते, पाठमोरेच. ते एकदाही वळले नाहीत. पण त्यांचा एक हात मागे होता आणि त्या हाताची मूठ इतकी घट्ट वळली होती की मला बाकावरून दिसत होती.

निकाल पुढे महिन्याभरानं लागला. नझीर सुटला. संशयाचा फायदा देऊन, असं निकालात म्हटलं होतं. लोकांना हा शब्द आवडत नाही. म्हणतात, संशयाचा फायदा म्हणजे सुटला पण चोरच. मी म्हणते, अहो, तो फायदा त्या एकट्याचा नव्हे, तुमचा-माझा सगळ्यांचा आहे. अंधारात बघितलेल्या एका चेहऱ्यावरून माणसाला आत टाकायचं नाही, एवढंच ते सांगतं. हल्ली कायद्यांची नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले, पाठ केलेलं सगळं ह्या वयात नव्यानं शिकायची पाळी आली. हे तेवढं अजून आहे तिथेच आहे, आणि तसंच राहो. खरा चोर कधी सापडला नाही. भाईशेठला त्याचं दुःख जन्मभर राहिलं, आणि त्याचं मला वाईटही वाटतं.

दादाची नोकरी गेलीच. साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी. पुढे तो एसटीच्या वर्कशॉपला लागला, तिथूनच रिटायर झाला. पण मला सांगायचं आहे ते साक्षीच्या दिवशीच्या संध्याकाळचं.

आम्ही तिघं घरी आलो तेव्हा आये कारखान्यातून येऊन घरापुढच्या खळ्यात तुळईच्या ओंडक्यावर बसली होती. काळी बोटं राखेनं घासत होती. वर बघितलंच नाही. मी धावत जाऊन सगळं एका दमात सांगितलं. डावा खांदा, उजवी बाजू, पाय कापले, पळालो असतो, आणि बाबांचा पुकारा. शेजारच्या कुंपणाशी तानूकाकी उभी होतीच, कान टवकारून. आये ऐकत राहिली. मग हात धुतले, पदराला पुसले आणि बाबांकडे वळून म्हणाली, "सगळ्यांनी ऐकला. मी नाय ऐकला."

"तू आली नायस," बाबा म्हणाले.

"नाय आली. आता ऐकवा."

"हिथं? घरात?"

"घरात नको. खळ्यात उभं राहा आणि पुकारा. कोर्टात पुकारलात तसाच. वाडीला ऐकू जाऊ दे."

घरात कधी आवाज न चढवणारे माझे बाबा. मला वाटलं, हसून टाळतील. त्यांनी डगला काढलेला होता, तो परत घातला. पट्टा अडकवला, बिल्ला सरळ केला. खळ्याच्या कडेला गेले, जिथून खाली सगळी वाडी दिसते. बायका विहिरीवर होत्या, पोरं खेळत होती, चुलींचा धूर वर चढत होता. बाबांनी छाती भरून घेतली.

"गौतम सखाराम जाधव, हाजिर होऽऽ!"

खाली विहिरीवरचे रहाट थांबले. पोरांनी खेळ थांबवून वर बघितलं. समोरच्या टेकाडावरून आमच्या बाबांचं नाव, आमच्या दादाचं नाव परत आमच्याकडे आलं. आये कंबरेवर हात ठेवून वाडीकडे बघत उभी होती, मान सरळ. दादा ओट्यावर बसला होता. तो उठला, बाबांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, डाव्या बाजूला, आणि बाबांच्याच आवाजात ओरडला, "हाजिर हाय!"